तांदळातलं नाव आणि तांब्यावरचं नाव

सून माप ओलांडून घरात येते, आणि लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नाव लिहितो. पुष्कळ घरांत त्या क्षणापर्यंत ते नाव तिचं नसतंच. नुकतंच ठरवलेलं असतं. बायका वाकून वाचतात, पेढे वाटले जातात, कुणीतरी ताट उचलतं आणि तांदूळ हाताने सारखे करतं. नाव गेलं. त्याच लग्नात आहेराच्या ढिगात एखादी तांब्याची घागर असते. काठाखाली छिन्नीने टिंबाला टिंब जोडून अक्षरं घातलेली: कुणाला दिली, कुणी दिली, कुठल्या साली. ही घागर तीन-चार पिढ्या पाणी भरते. तांदळातलं नाव हा विधी. घागरीवरचं नाव हा निव्वळ व्यवहार, पंगतीच्या गडबडीत भांडं शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून केलेली सोय. तरी शंभर वर्षांनी एखाद्या बाईचा माग काढायचा झाला तर हाताला लागते ती घागर. मराठी घराने आपली बायको, आई, आजी लक्षात ठेवावी म्हणून जी साधनं मुद्दाम घडवली, त्यांत तिचं आयुष्य फारसं उतरलं नाही; उतरला तो तिचा दर्जा. आयुष्य उतरलं ते ज्यांना कुणी कधी स्मारक म्हटलं नाही अशा वस्तूंत आणि अशा गाण्यांत. हे म्हणणं सरसकट वाटेल. म्हणून आधी मुद्दाम घडवलेली साधनंच नीट पाहायला हवीत.

त्यांतलं सगळ्यांत बोलकं साधन म्हणजे अविधवा नवमी. भाद्रपद वद्य नवमी. गावाकडे हिला अहेव नवमी म्हणतात, आणि ‘अहेव’ हा ‘अविधवा’चाच तोंडात झिजलेला शब्द. पितृपक्षात ज्याचा त्याचा दिवस मृत्यूच्या तिथीवरून ठरतो. पण काहींसाठी दिवस राखून ठेवलेले आहेत. संन्याशांना द्वादशी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांना चतुर्दशी, आणि नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नवमी. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलावतात. तिला हळदीकुंकू, बांगड्या, खणा-नारळाची ओटी, ऐपत असली तर लुगडं. पाटावर बसलेली ही बाई त्या दिवसापुरती गेलेल्या बाईच्या जागी असते. ज्या घरांत भटजी येऊन पिंडदान होत नाही तिथेही सवाष्ण जेवते. किंबहुना अशा घरांत सगळं श्राद्ध म्हणजे ते जेवणच. पानात काय वाढायचं हे बऱ्यापैकी ठरलेलं: खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळू, भोपळा, गवार. पण याच दिवशी स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणतं की त्यांना अमकं आवडायचं, आणि शास्त्रात नसलेला एखादा पदार्थ पानाच्या कडेला येऊन बसतो. पोथीने ठरवलेल्या पानात बाईची स्वतःची आवड शिरते ती अशी, बायकांच्या हातून, चोरपावलांनी.

आता या दिवसाची अट पाहा. बाई कशी जगली, किती मुलं वाढवली, सासू म्हणून कशी होती, कुणाच्या अडीनडीला धावली, यातलं काहीही नवमीला विचारलं जात नाही. विचारलं जातं ते एवढंच की ती गेली तेव्हा नवरा होता का. होता, तर नवमी तिची. नव्हता, तर तिने तिच्या तिथीला किंवा सर्वपित्रीला इतरांबरोबर पान घ्यावं. शास्त्रकारांनी याच्याही पुढची पायरी गाठली आहे. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु 1612 मधला; पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु 1790 च्या सुमाराचा. मराठी घरांतल्या श्राद्धाच्या रिती या दोन ग्रंथांच्या आधाराने चालत आल्या. या परंपरेत एक मत असं आहे की नवराही वारला की हे नवमीचं श्राद्ध बंद होतं. दुसरं मत ते चालू ठेवावं असं, आणि शेवटी कौल ज्या त्या घरच्या रितीला. म्हणजे एका मतानुसार आईच्या स्मरणाचा राखीव दिवस बाप जिवंत असेतोवरच. तो गेला की दिवस आटोपला.

यावर जाणता माणूस म्हणेल की हे वाचन अन्यायाचं आहे. बाप वारल्यावर आईला त्याच्याबरोबर त्याच्या श्राद्धात जागा मिळते, म्हणून वेगळा दिवस लागत नाही. यात अवमान कसला? आणि एरवीही श्राद्धाने बायकांना वगळलेलं नाही. आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांचा नावनिशीवार उच्चार होतो. आई वसुरूप, आजी रुद्ररूप, पणजी आदित्यरूप. महालयात तर बायको, मुलगी, बहीण, आत्या, मावशी यांच्यापर्यंत सगळ्यांना पाणी मिळतं. आक्षेप खरा आहे, आणि तो गिळून टाकण्याजोगा नाही. घरच्या वंशावळीत फक्त पुरुषांची उतरंड असताना, सरकारी दप्तरात बाई नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावामागे उभी असताना, निदान वर्षातून एकदा एक मुलगा आपल्या पणजीचं नाव मोठ्याने घेत होता. आजही पुष्कळांना पणजीचं नाव ठाऊक असतं ते श्राद्धाच्या वहीत लिहून ठेवलेलं असतं म्हणूनच. पण त्या उच्चारात काय काय होतं? नाव, सासरचं गोत्र, आणि एक दैवी रूप जे सगळ्यांच्या आजीला सारखंच. शिवाय उच्चार करणारा मुलगा हवा. जिला मुलगीच होती तिचं पाणी जावयाच्या, नातवाच्या किंवा पुतण्याच्या सवडीवर. बाप गेल्यावर आई त्याच्या श्राद्धात सामील होते हे तर माझंच म्हणणं दुसऱ्या शब्दांत झालं: तिचं खातं त्याच्या खात्यात वळतं होतं.

आजेपाडव्याचंही तसंच. अश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, मुलीचा मुलगा आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो. नातवाने आजोळची आठवण ठेवायची किती सुंदर रीत! पण दिवसाचं नाव आजेपाडवा. आजी आलीच तर सपत्नीक या एका विशेषणात बसून येते. आजीपाडवा नावाचा दिवस मराठी पंचांगात नाही. आणि आजोळ म्हटल्यावर मराठी माणसाला आधी कोण आठवतं, ते सांगायला नकोच.

दगडाकडे वळलं तर चित्र आणखी कठोर होतं. महाराष्ट्रात गावोगावी वेशीपाशी, देवळाच्या आवारात, नदीकाठी सतीशिळा उभ्या आहेत. वर चंद्र-सूर्य, आणि कोपरात काटकोनात वळलेला एक हात, बांगड्यांनी भरलेला. चेहरा बहुधा नाही, नाव तर क्वचितच. त्या हातावरच्या बांगड्या फुटलेल्या नाहीत हेच सांगायचं आहे: ही बाई विधवा झालीच नाही. नवमीची अट इथे दगडात कोरलेली दिसते. थेऊरला 1772 च्या नोव्हेंबरात माधवराव पेशवे वारले आणि रमाबाई सती गेल्या. त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते त्या पेशव्यांच्या घरातल्या होत्या म्हणून. गावच्या शिळेवरची बाई मात्र नुसता हात होऊन राहिली. मुंबई इलाख्यात 1830 मध्ये सतीबंदी आली आणि शिळा घडणं थांबलं. या उलट एक दाखला ध्यानात घेण्यासारखा आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन आल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या, वयाच्या बाविसाव्या वर्षात. त्यांच्या अस्थी नवऱ्याने अमेरिकेत, ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या त्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि पोकिप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत दगड उभा राहिला. त्यावर नाव आहे, पदवी आहे, आणि शिकण्यासाठी देश सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री असंही आहे. बाईने काय केलं हे सांगणारा दगड एका मराठी बाईला मिळाला, पण तिकडच्या रितीने आणि तिकडच्या मातीत.

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. लक्ष्मीबाई टिळकांचं मनकर्णिका. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई या माहेरच्या तापी. एक लहानशी गंमत यात दिसते. यमुना आणि तापी या नद्या, मनकर्णिका हे काशीचं तीर्थ. लग्नानंतर त्यांची आनंदी, सत्यभामा, लक्ष्मी झाली. वाहणाऱ्या पाण्याची घरात बसलेली गृहलक्ष्मी झाली असं कुणी म्हटलं तर ते तीन उदाहरणांवर उभारलेलं काव्य होईल, इतिहास नव्हे. इतिहासाला पुरेशी गोष्ट एवढीच की एका बाईच्या आयुष्याला दोन नावं असत आणि दुसरं आलं की पहिलं घेणारं माणूस माहेरीच उरे. आई-वडील गेले, भाऊ पांगले की ते नाव हाक म्हणून संपायचं. मराठीतल्या सर्वांत लाडक्या आईचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. 1953 मध्ये अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. महाराष्ट्रातल्या कुणालाही विचारा, ती श्यामची आई. तिचं नाव यशोदा होतं हे सांगायला बहुतेकांना क्षणभर थांबावं लागेल. पुस्तकाने तिचं जगणं जवळून दाखवलं यात शंका नाही. तरी शीर्षकात मुलाचंच नाव बसलं, आणि कुणालाही ते खटकलं नाही.

आता घागरीकडे. भांड्यावर नाव घालणं ही रीत कुणी अभ्यासाच्या लायकीची मानली नाही, याचं कारण ती फार जवळ होती. मोठं कार्य निघालं की एका घरची भांडी कधीच पुरत नसत. हंडे, पराती, तपेली, पिंपं आळीभरातून यायची आणि खरकट्याच्या ढिगातून परत जायची. मालक ओळखू यावा म्हणून नाव. तांबट किंवा कासार भांडं विके, आणि दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसलेला असे. छिन्नीचं टोक ठेवायचं, हातोडीचा हलका ठोका, एक टिंब. अशी टिंबं लागून रेघ, रेघांचं अक्षर. काठ गोल असल्यामुळे शिरोरेषा कधी वर चढते कधी खाली घसरते, आणि जागा संपत आली की शेवटची अक्षरं एकमेकांना चिकटतात. पैसे अक्षरांवर. त्यामुळे मजकूर तारेसारखा आखूड: नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, गाव, साल, ‘आईकडून’, ‘मामाचा आहेर’. पुढे विजेवर चालणारं यंत्र आलं, टिंबांची जागा थरथरत्या सलग रेघेने घेतली, आणि तांब्यापितळेची जागा स्टीलने. चिंचेने, राखेने, नंतर पितांबरीने घासून घासून जुनी अक्षरं बोथट झालेली असतात. पण बोट फिरवलं की लागतात. तसं बोटानेच ओळखावं लागे. 1901 च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभर बायकांत एकही साक्षर भरत नव्हती. आपलं नाव आपल्या घागरीवर आहे हे जाणणारी पण ते वाचू न शकणारी बाई हा अपवाद नव्हता, तो नेम होता.

या मजकुरात काय सापडतं ते नुसतं मोजलं तरी कळतं. श्राद्धाच्या उच्चारात नसलेल्या तीन गोष्टी इथे आहेत: साल, माहेर, आणि देणाऱ्याशी नातं. एका घरातली भांडी सालवार लावली तर लग्न, पहिलटकरणीचं डोहाळजेवण, बारसं, मुंज, घरभरणी असा एका बाईच्या आयुष्याचा क्रम लागतो. मामाचा आहेर आहे आणि वडिलांचा नाही, म्हणजे बाप बहुधा लवकर गेलेला. बहिणीकडून आलेलं तपेलं आहे, म्हणजे बहीण सुस्थळी पडलेली आणि जाणं-येणं टिकलेलं. हा तर्क झाला, आणि तर्क चुकू शकतो. पण इतिहास लिहिणारे ताम्रपटावरून याहून फार वेगळं काही करत नाहीत. ताम्रपट राजाचा म्हणून संग्रहालयात, आणि बाईचा तांब्या मोडीत, एवढाच फरक.

त्यात एक कायद्याचा धागाही आहे, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लग्नात माहेरहून आलेली वस्तू म्हणजे स्त्रीधन. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार, आणि महाराष्ट्रात बहुतांश तीच चालत आली, स्त्रीधनाचा वारसा आधी मुलींना जातो, त्यातही लग्न न झालेलीला पहिला हक्क. शेत, घर, वतन मुलाकडे. आईची भांडी आणि डाग मुलीकडे. प्रत्यक्षात भाऊ-भावजयींनी किती वेळा हे पाळलं हा वेगळा प्रश्न. पण पाळलं गेलं तिथे घागर आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे सरकत गेली. एकाच भांड्यावर दोन, क्वचित तीन नावं आढळतात, वेगवेगळ्या हातांनी घातलेली, वेगवेगळ्या आडनावांची. वंशावळ म्हणजे पुरुषांची एका आडनावाची उतरंड. ही त्या उलट दिशेची वंशावळ, जिच्यात दर पिढीला आडनाव बदलतं. कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ छापले गेले, मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ तिथे तुटते. भांड्यावर ती रेघ पुढे जाते.

याला घेता येण्यासारखे आक्षेप कमी नाहीत. पहिला असा की भांड्यावरही ‘सौ.’ असतंच, नवऱ्याचं नाव, निदान त्याचं आद्याक्षर, बाईच्या नावापुढे बसलेलं असतंच, मग दर्जाच्या जाळ्यातून ती सुटली कुठे? सुटली नाही, हे कबूल. देवळाच्या पायरीवर, घंटेवर, धर्मशाळेच्या ओवरीत ‘कै. सौ.’ आणि ‘गं. भा.’ असे दोन शिक्के लागलेच, आणि त्यावरून तिच्या मरणाची जात कळते. फरक इतकाच की भांड्यावर दर्जाबरोबर आणखीही काही सांडलं. स्मारक घडवणारा काय वगळायचं हे ठरवून घडवतो. आहेर देणाऱ्या मामाला काही वगळण्याचं कारणच नव्हतं, त्याला भांडं हरवू नये एवढंच हवं होतं, आणि निष्काळजीपणाने त्याने खरं ते लिहून ठेवलं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. तांब्यापितळेचा आहेर ही खात्यापित्या घरची गोष्ट; जिच्या घरात मातीचं मडकं आणि एखादी जर्मनची थाळी, तिचं काय? श्राद्ध, महालय, धर्मसिंधु ही तर त्याहून थोड्या घरांची मिरास. याला उत्तर घागरीत नाही.

ते उत्तर जात्यावर आहे. पहाटे दळताना बायकांनी गायलेल्या ओव्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी आयुष्य त्यात घातलं, आणि 1980 नंतर पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. त्यांतल्या गाणाऱ्या बहुतेक शेतकरी, शेतमजूर, दलित बायका. या ढिगात सर्वांत मोठा वाटा कुणाचा असेल तर आई, भाऊ आणि लेकराचा. नवरा आहे, पण मानाने कमी. सासू आहे ती बहुधा तक्रारीसाठी. आई गेल्यावर माहेरची वाट कशी दिसते, तिच्या हातची चव, तिने बोळवण करताना दिलेला सल्ला, तिचं आजारपण, तिची चिता: हे सगळं गावाच्या, ओढ्याच्या, झाडाच्या नावानिशी येतं. इथे आई सौभाग्यवती होती की नव्हती याची चौकशी कुणी करत नाही.

यावर लोकसाहित्याचा अभ्यासक म्हणेल की ओवी साच्याची असते. आईला मालन, मैना, हरणी म्हणायचं हे ठरलेलं. एकीची ओवी दुसरी गाते. त्यात अमुक एका बाईचं चरित्र शोधणं म्हणजे पत्रिकेवरच्या गणपतीत घरच्या मूर्तीचा चेहरा शोधणं. साचा आहे हे खरंच. पण तसा साचा श्राद्धाच्या संकल्पालाही आहे. दोन साच्यांत मोकळी जागा कशासाठी ठेवली आहे ते पाहायचं. संकल्पात मोकळी जागा नावाची आणि गोत्राची. ओवीत मोकळी जागा गावाची, भावाची, प्रसंगाची, आणि मुख्य म्हणजे गाणारीच्या मनाची. शिवाय ओवी म्हणायला मुलगा लागत नाही, भटजी लागत नाही, तिथी लागत नाही. लागतं ते जातं, आणि तेच गेलं. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या मनगटांना विसावा मिळाला, त्याबद्दल हळहळणारा माणूस कधी दळायला बसलेला नसतो. पण गिरणीने आईला आठवण्याची रोजची वेळ नेली, तिच्या जागी दुसरी वेळ कुणी लावून दिली नाही.

लिहित्या बायका आल्या तेव्हा काय झालं, हाही या प्रश्नाचाच भाग. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 चं. त्यातला ‘आमच्या’ हा शब्द प्रामाणिक आहे, कारण पुस्तक मुख्यतः त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या आठवणींचं. रमाबाई त्यांच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या सखुबाई 1873 मध्ये गेल्या, आणि त्यांचं नाव आज रानड्यांच्या चरित्रात एका वाक्यापुरतं येतं. पहिली बायको गेली, दुसरी आली, हे त्या काळी इतकं नेमाचं होतं की काही समाजांत गेलेल्या सवतीचा टाक करून दुसरी गळ्यात घाली. बाळंतपण, प्लेग, 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी किती बायका अहेव गेल्या ते पाहिलं की ‘अहेव मरण भाग्याचं’ या म्हणण्याखालची भीती दिसते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागांनी येऊ लागली. त्यांत एका मुलीने आपल्या आईचं सोसणं सांगितलं, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरात कसे दिवस काढले ते. आणि ते हसत सांगितलं. माझ्या मते जात्यावरची ओवी कागदावर आली ती या पुस्तकात, कवितेत नव्हे.

आताशा गोष्टी हलत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता घ्यायला सांगितलं. सतीशिळेवरच्या त्या भरल्या हाताचा अर्थ तिथे सार्वजनिकरीत्या नाकारला गेला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्य सरकारच्या कागदपत्रांपुरतं का होईना, आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं. नवमी चालू आहेच. काही घरांत त्या दिवशी विधवा आजीच्या नावानेही सवाष्ण जेवते आणि भटजी तिकडे काणाडोळा करतात.

घागर मात्र माळ्यावरून खाली येते ती जागा हवी म्हणून. मोडीच्या दुकानात तांबं किलोवर जातं, अक्षरांना भाव नाही. तराजूत टाकण्याआधी दुकानदार ती आडवी करून घणाने चेपवतो, म्हणजे पोत्यात जास्त मावतात. बूड आधी बसतं, मग पोट. काठ जाड असतो, आत तार वळवलेली असते, त्यामुळे नावाची जागा शेवटी चेपते.